सुभेदारांचा नेम

दंडावरचा बीपीचा पट्टा सुभेदारांनी चर्रकन ओढून काढला आणि यंत्रासकट सृष्टीच्या मांडीवर टाकला.

"मशीन बिघडलंय तुजं."

"काकीचं ह्याच मशीनवर बरोबर आलं, तात्या. तुमचं एकशे नव्वदच्या पुढं हाय."

"मग बघणाऱ्यात बिघाड आसंल. ज्या घरची तू, त्या घरचं काय धड असायचं?"

सृष्टीने पट्टा गुंडाळून ठेवला. ती गावच्या उपकेंद्रात नर्स होती आणि सुभेदारांची सख्खी पुतणी. म्हणजे भिंतीपलीकडच्या लालासाहेबाची मुलगी. असली बोलणी ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती, त्यामुळे तिला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. निदान ती तसं दाखवत तरी नव्हती.

नाव गुंडा, हुद्दा सुभेदार आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. फौजेतून येऊन वीसेक वर्षं झाली, तरी गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. पाठीमागं काय म्हणायचं ते इथं सांगण्यासारखं नाही. कोरेगावपासून जीपनं थोड्या अंतरावर मळ्यातली ही दोन घरं. एकाच अंगणाला मधोमध कमरेएवढी सिमेंटची भिंत घालून दोन केलेली. अलीकडं थोरला, पलीकडं धाकटा. तीस वर्षांत भिंतीवरून मांजरं गेली, कोंबड्या गेल्या, दोन्हीकडच्या बायकांनी गुपचूप दिलेली कालवणाची वाटी गेली. भावाकडून भावाकडं शब्द मात्र गेला नाही. गेला तो भिंतीला ऐकवलेला, आणि तो शिवीशिवाय कधी नव्हता.

आता ह्या माणसाची अडचण अशी, की डावा डोळा नोकरीतच छर्रा लागून गेलेला. राहिला उजवा. त्याच डोळ्यानं त्यांनी आयुष्यभर नेम धरला, रंगरूटांना नेम धरायला शिकवलं, आणि त्याच्यातच मोतीबिंदू उतरला. साताऱ्याच्या दवाखान्यातून त्यांना दोनदा टेबलावरून उठवून परत धाडलं होतं. डॉक्टर पोरगेलाच होता, पण बोलायला चोख. म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे एकच डोळा आहे. इतक्या बीपीवर मी त्याला हात लावणार नाही. आणि फार लांबवूही नका, मोती पिकत चाललाय. गोळ्या घ्या, मीठ कमी करा आणि जरा शांत राहा."

मीठ त्यांच्या बायकोनं, मनुबाईंनी, कमी केलं. गोळ्या त्या स्वतः हातावर ठेवायच्या. शांत राहण्याचं औषध मात्र घरात नव्हतं.

सुभेदारांना आता समोरचा माणूस अंगानं कळायचा, तोंडानं नाही. ताटात भाकरी कुठं आणि कोरड्यास कुठं, हे मनुबाई बोट धरून दाखवायला लागल्या होत्या. मुलगा राजवर्धन फौजेतच, तिकडं आसामात. मनुबाईंचे गुडघे गेलेले. उद्या ठार आंधळं झाल्यावर हाताला धरून फिरवणार कोण? तर भिंतीपलीकडचा लाला. हा विचार आला की सुभेदारांच्या कानशिलाची शीर तटतटायची. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं ते बोलून दाखवायचे, आणि ते खोटं नव्हतं.

"गोळ्या चालूच ठेवायच्या," सृष्टी म्हणाली, "पण तुमचं बीपी रागाचं हाय, तात्या. गोळी एकीकडनं उतरवती, तुमी दुसरीकडनं चढवताय. रोज सकाळी माज्यासमोर बसून श्वास घ्यायचा. हळू आत, आणि त्याच्यापेक्षा हळू बाहेर. मी मोजते."

"श्वास घ्यायला मला तू शिकवणार? आगं, जिथं तुमची काडी पेटत न्हाई तिथं मी श्वास घेतलाय. सियाचीनला."

"तिथं घेतला तसाच इथं घ्या."

मनुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "नाक दाबल्याबिगार तोंड उघडत न्हाई म्हणत्यात. ह्यांचं तोंड तर नाक न दाबताच उघडं. हिच्या मोजण्यानं मिटलं तर बरंच हाय."

सुभेदार नाइलाजाने खुर्चीत ताठ बसले. सृष्टी मोजू लागली. चार अंकांवर आत, सहा अंकांवर बाहेर. पहिले काही श्वास बरे गेले. मग ती मोजायचं थांबली आणि नुसती बघत राहिली.

सुभेदार श्वास आत घ्यायचे, अर्धा सोडायचे आणि तिथंच धरायचे. छाती लाकडासारखी स्तब्ध व्हायची. पापणी अर्धी मिटायची. आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या उजव्या हाताचं पहिलं बोट, बाकीची बोटं न हलता, सावकाश आत वाकायचं. मग सगळा श्वास भसकन बाहेर.

"तात्या, श्वास धरायचा न्हाई."

"धरल्याबिगार गोळी जागेवर जात न्हाई. अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा, मग घोडा दाबायचा. पोरांना सांगून सांगून तोंड दुखलंय माजं."

"इथं गोळी कुणावर घालायची हाय?"

सृष्टीने त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. खुर्ची अंगणाकडं तोंड करून होती, आणि भिंतीच्या वरून सरळ पलीकडच्या घराचा दरवाजा दिसत होता. त्या दरवाजात तिचा बाप पाठमोरा बसून दात घासत होता. सुभेदारांना तो धुरकट ठिपका दिसत असणार. तेवढा पुरेसा होता.

तिने गप्प उठून पट्टा पुन्हा बांधला. आकडा मघापेक्षा वर गेला होता.

"श्वास धरला की चढतंय, बघा," ती म्हणाली. "खुर्ची फिरवा. गोठ्याकडं तोंड करून बसा."

"मोर्चा सोडायची सवय न्हाई मला."

भांडणाचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. सुभेदार वरच्या बर्फात असताना आई गेली. मे महिना होता. तार मिळाली तशी त्यांनी उलट तार केली, निघालोय, थांबा. थोरल्या लेकाचा अग्नीचा मान. गाव थांबलं. लालासाहेबानं साताऱ्याहून भुशात घालून बर्फाच्या लाद्या आणल्या. दोन दिवस गेले, तिसऱ्या सकाळी त्यानं आईला उचललं. सुभेदार हेलिकॉप्टरनं उतरून, विमान, रेल्वे, एसटी असं करत त्याच दिवशी दिवेलागणीला पोचले. पाठीवरची पिशवी न उतरवता ते तसेच ओढ्याकाठी गेले, तर नुसते निखारे होते.

"एक दिवस," ते तेव्हा म्हणाले होते. "एक दिवस थांबवंना तुला?"

लालासाहेब खाली मान घालून उभा राहिला होता. काही बोलला नव्हता. तेच सुभेदारांच्या मनात रुतलं. चोर असल्याशिवाय माणूस गप्प कशाला राहील? थोरल्याच्या मानावर डोळा होता त्याचा, दुसरं काय. आणि वरून आईची शाल. पहिल्या सुट्टीला येताना त्यांनी काश्मिरातून आणलेली, करड्या रंगाची. आईची ट्रंक उघडली तर शाल नाही. कुणाच्या अंगावर गेली, विचारायचं कारण नव्हतं. भिंतीपलीकडं बायका होत्याच.

"आमी वर जवान ठेवलेत," ते लोकांना सांगायचे. "तुफानात हेलिकॉप्टर येत न्हाई. आठ-आठ, दहा-दहा दिवस ठेवलेत. बर्फात झोपल्यागत दिसायचा गडी. आन् ह्याला घरात लाद्या आसताना एक दिवस निघाला न्हाई."

ऐकणारे माना हलवायचे आणि दुसरा विषय काढायचे. मनुबाई अशा वेळी आत जाऊन चुलीपुढं बसायच्या. एकदोनदा त्यांनी तोंड उघडलं होतं, "आवं, ऐका जरा," इथपर्यंत. पुढं शब्द फुटला नव्हता.

सृष्टीही हट्टाला पेटलेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला पीळ त्या घराण्यात दोन्हीकडं सारखाच होता. ती रोज सकाळी यायची, मोजायची, वाकणाऱ्या बोटावर आपला तळवा ठेवायची. सुभेदार हात झटकायचे. ती पुन्हा ठेवायची. महिनाभर हेच चाललं. आकडा इकडंतिकडं हलायचा, पण खाली बसायचा नाही.

मग श्रावणाच्या तोंडाला लालासाहेब हळदीच्या सौद्याला सांगलीला गेला आणि तिथून शिराळ्याच्या पाहुण्यांकडं नागपंचमीला राहिला. पलीकडचा दरवाजा बंद. सकाळी त्याच्या खोकल्याचा आवाज नाही. तरुणपणी गुऱ्हाळावर धूर खाल्लेली त्याची छाती पहाटेपासून भात्यासारखी वाजायची; आठवडाभर ती वाजली नाही. आणि सुभेदारांचं बीपी पायरी पायरीनं खाली आलं.

"बघ," सुभेदार विजयानं म्हणाले. "रोग कुठं हाय ते कळलं का आता?"

"कळलं," सृष्टी म्हणाली आणि तिनं लगोलग साताऱ्याला फोन करून ऑपरेशनचा दिवस धरला.

त्या दिवशी सकाळी ठरवलेली जीप आलीच नाही. ड्रायव्हरचा फोन लागेना. सृष्टी दारात येरझाऱ्या घालत होती. थोड्या वेळानं फाटकापाशी गाडीचा आवाज आला. "चला तात्या, गाडी आली," म्हणत तिनं त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. ती आणि मनुबाई मागं बसल्या.

गाडी डांबरीला लागेपर्यंत सुभेदार खुशीत होते. ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी चांगली ठेवलीयस रं. कुठल्या गावचा?"

ड्रायव्हरनं नुसता गिअर टाकला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती आवरायची त्यानं शिकस्त केली. कोरडा, घासलेला, शेवटी शीळ वाजणारा खोकला.

सुभेदारांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"गाडी थांबीव."

"तात्या, दुसरी गाडी मिळत नव्हती," मागून सृष्टी म्हणाली. "रात्रीच आले ते."

"गाडी थांबीव म्हणतो."

लालासाहेबानं गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तो थोरल्याशी सरळ बोलला.

"उतर. चालत जातोस? रस्ता दिसतोय का तुला?"

सुभेदार दात आवळून बसले. पुढच्या काचेतून त्यांना फक्त उजेड दिसत होता, मधून मोठं काही धडधडत गेलं की उजेड काळा व्हायचा. ट्रक असावेत. ते उतरले नाहीत. हा अपमान त्यांनी गिळला, आणि गिळलेला सगळा कानशिलात जाऊन बसला.

"बापाच्या कटात तूबी," ते मागं न वळता सृष्टीला म्हणाले. "आस्तनीतला निखारा."

सृष्टीने खिडकीबाहेर तोंड केलं. मनुबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

दवाखान्यात व्हायचं तेच झालं. पट्टा बांधणाऱ्या नर्सनं आकडा बघितला, डॉक्टरला बोलावलं, डॉक्टरनं कपाळाला हात लावला.

"बाबा, तुमचा नंबर मी शेवटी घेतो. तोवर बीपी खाली आलं तर ठीक. नाही आलं, तर घरी जा. मग मात्र पुढं काय होईल त्याची खात्री मी देत नाही."

सृष्टी डॉक्टरांच्या मागोमाग केबिनमध्ये गेली. मनुबाई डोळ्यांचे थेंब आणायला औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या राहिल्या. बोळात लाकडी बाक होता, त्याच्या एका टोकाला सुभेदार बसले. दुसऱ्या टोकाला कुणीतरी टेकलं. कोण ते बघायची गरज नव्हती. छाती वाजत होती.

"ऊठ हितनं."

"बाक सरकारी हाय."

"तुज्यापायी आंधळा हुणार मी. आईला पेटवलंस, आता मला आंधळा करून सोड. म्हंजे मान सगळा तुजा."

लालासाहेब गप्प राहिला. तोच तो गप्पपणा. सुभेदारांचं बोट मांडीवर वाकायला लागलं.

"बोल की. तीस वर्सं झाली, तोंडात गुळणी धरलीयस. एक दिवस थांबलास न्हाई. का? बर्फ व्हता का न्हाई घरात?"

"व्हता."

"मग?"

"दादा, सोड ते आता. बीपी वाढंल."

"वाढू दे. मरू दे मला. पण सांग. माजा मान पायजे व्हता तुला. म्हण एकदा तोंडानं, म्हंजे मी सुखानं आंधळा हुतो."

लालासाहेब खोकला. बराच वेळ खोकला. मग त्यानं पालथ्या मुठीनं तोंड पुसलं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली होता, की सुभेदारांना कान वळवावा लागला.

"मे म्हैना व्हता दादा. तुज्या तिथला बर्फ न्हवं त्यो. साताऱ्यासनं येस्तवर निम्मा पाणी हुयाचा. लादी घातली की पाणी. लादी घातली की पाणी. तिसऱ्या सकाळी घरात कुणाला श्वास घेववंना. वैनी नाकाला पदर लावून बसलेल्या. भावकी ओसरीवरनं उठून लिंबाखाली गेली. तवा उचलली."

बोळातून एक ढकलखुर्ची गेली. तिच्या चाकाचा चिरचिर आवाज लांब जात राहिला.

"आन् हे तू मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू?" लालासाहेब म्हणाला. "तू ओढ्यावर आलास, पाठीवर पिशवी. 'शेवटाला आई दिसत व्हती कशी,' म्हणून इचारलंस मला. ध्यानात हाय का? काय सांगायचं व्हतं मी?"

सुभेदारांना ते आठवत नव्हतं. निखारे आठवत होते, आपण काय बोललो ते आठवत होतं. हा प्रश्न विचारल्याचं आठवत नव्हतं. पण तो विचारला असणार, हे त्यांना बसल्या जागी कळलं, कारण तोच प्रश्न त्यांच्या घशात आत्ताही होता.

वरच्या पोस्टवरची माणसं त्यांना आठवली. झोपल्यासारखी, भुवयांवर बर्फ धरलेली. आईही तशीच असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं त्यांची आई झोपल्यासारखी होती, आणि तिला घाईनं उठवून नेणारा हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. तिला तसं राहू दिलं होतं ते ह्यानंच. आणि मनूनं. आणि विषय बदलणाऱ्या सगळ्या गावानं. सुभेदारांना राग आला. पण तो कुणावर धरावा ते समजेना, आणि नेम नसलेला राग त्यांना सांभाळता येत नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "आन् शाल?"

"कंची?"

"मी आणलेली. करडी."

"ती तिच्या अंगावरच गेली," लालासाहेब म्हणाला. "पाण्यानं भिजायची, वाळवायची, परत घालायची. लोक म्हणाले उन्हाळ्याची शाल कशाला. म्हणलं, ऱ्हाऊ दे. थोरला न्हाई, त्याची शाल तरी आसू दे."

सुभेदारांनी डोळा मिटला. त्यांची छाती वर उचलली गेली, तिथं थांबली. थांबूनच राहिली. लालासाहेब घाबरून बाकावरून सरकत जवळ आला.

"दादा, सोड. सृष्टी म्हणती श्वास धरायचा न्हाई. सोड त्यो."

श्वास सुटला. तुकड्यातुकड्यानं, मधे अडखळत, पण सगळा सुटला.

"मोज," सुभेदार म्हणाले.

"आं?"

"ती मोजती तसं मोज. मला एकट्याला जमत न्हाई."

लालासाहेब मोजू लागला. त्याला कुठं येत होतं? चारावर आत न्यायचा तो पाचावर नेई, सहाच्या आधीच त्याची स्वतःची छाती भरून येई आणि तो खोकायला थांबे. सुभेदार तो खोकेपर्यंत थांबायचे. मग तो पुन्हा एकपासून सुरू करायचा. "दम लागला तर ऱ्हाऊ दे," असं सुभेदार एकदा म्हणाले, पण त्यानं ऐकलं नाही. मनुबाई थेंबांची पिशवी घेऊन बोळाच्या तोंडाशी आल्या, त्या दोघांना बघितलं आणि तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

बाहेरचे रोगी एकेक करून कमी झाले. शेवटी नर्स आली. तिनं सुभेदारांचा दंड उचलून पट्टा बांधला. हात मांडीवर पडला होता, बोटं पसरलेली, पहिलं बोट बाकीच्यांसारखंच सरळ. यंत्र घरघरलं. नर्सनं आकडा बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा बघितला.

"चला बाबा, उठा," ती म्हणाली. "टोपी द्या काढून. आणि चपला इथंच सोडा."

सुभेदार उठले. चपला काढताना तोल जायला लागला तसा त्यांनी आधाराला हात पुढं केला. कुणाचा खांदा हाताला लागला ते त्यांनी विचारलं नाही. नर्स त्यांना घेऊन दाराशी गेली आणि मागं वळून लालासाहेबाला म्हणाली, "त्यांच्या चपला सांभाळा हं काका. इथं चोरीला जातात."

बाकाखाली जागा होती. लालासाहेबानं वाकून चपला उचलल्या, एकीवर एक ठेवली आणि मांडीवर घेऊन बसला.